निविदेची नोंद आणि नोंदीची शिस्त

एका जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्यांचे बांधकाम पूर्ण झाले आहे, अशी कल्पना करू. भिंतींना रंग लागला आहे, फळा बसला आहे आणि तिसरी-चौथीची मुले नव्या फरशीवर बसून पाढे म्हणत आहेत. अशा वेळी गावातील एखादा जिज्ञासू पंचायत सदस्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर त्या कामाचा क्रमांक घालून पाहतो, तो पडद्यावर दिसते की, निविदेचे तांत्रिक मूल्यमापन अद्याप चालू आहे. म्हणजे नोंदीच्या हिशेबी अजून कंत्राटदारही ठरलेला नाही. आणि इकडे मुले वर्गात बसलेली आहेत.

याच्या उलट प्रकारही संभवतो. पडद्यावर काम देऊन झाले आहे, रक्कम आहे, मुदत आहे. आणि गावात मात्र पायाची कुदळसुद्धा पडलेली नाही. पहिल्या प्रकारात काम झाले, पण नोंद मागे राहिली. दुसऱ्या प्रकारात नोंद झाली, पण काम मागे राहिले. दोन्ही प्रकारांत नुकसान सारखेच होते. नागरिकाचा नोंदीवरचा विश्वास उडतो आणि एकदा तो उडाला की, प्रामाणिकपणे ठेवलेल्या नोंदीकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

बांधकामाच्या निविदा संगणकावर आल्या म्हणजे व्यवहार आपोआप पारदर्शक झाला, असा एक समज रूढ होऊ पाहत आहे. तो पुरता खरा नाही. संगणक प्रणाली ही एक उत्तम नोंदवही आहे, परंतु नोंदवही स्वतः लिहीत नाही. ती माणसाने लिहावी लागते, वेळेवर लिहावी लागते आणि चूक झाल्यास रीतीने दुरुस्त करावी लागते. निविदेची नोंद अद्ययावत ठेवणे म्हणजे नेमके काय, ती कोणी व केव्हा बदलावयाची आणि पंचायत सदस्याने अथवा शिक्षकाने ती कशी वाचावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुन्या शिस्तीचा धडा

सार्वजनिक बांधकामाच्या कामकाजात मोजमाप पुस्तिकेला फार मोठे स्थान आहे. झालेल्या कामाची लांबी, रुंदी व खोली जागेवर मोजून या पुस्तिकेत लिहिली जाते आणि तिच्या आधारे देयक तयार होते. या पुस्तिकेसंबंधी एक नियम प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याला नोकरीच्या पहिल्या दिवसांत शिकविला जातो. चुकलेला आकडा खोडरबराने पुसावयाचा नाही, त्यावर दुसरा आकडा गिरवावयाचा नाही, की पान फाडावयाचे नाही. चुकलेल्या आकड्यावर वाचता येईल अशी एक रेघ मारावयाची, शेजारी बरोबर आकडा लिहावयाचा आणि तेथे सही करावयाची. पाने क्रमांकित असतात, त्यामुळे एखादे पान गेले तर ते लगेच ध्यानात येते.

या साध्या नियमामागे मोठे शहाणपण आहे. चूक होणे हा गुन्हा नव्हे, परंतु चूक झाली होती हे लपविणे मात्र घातक आहे. पुढे पाच वर्षांनी लेखापरीक्षक आला, तर आधी काय लिहिले होते, मग काय लिहिले आणि ते कोणी बदलले, हे तिन्ही त्याला दिसले पाहिजे. संगणकावरील निविदेच्या नोंदीलाही हाच नियम लागू आहे. येथे ‘अद्ययावत करणे’ याचा अर्थ जुने पुसून नवे लिहिणे असा होत नाही. जुने जसेच्या तसे ठेवून त्याला तारीख, कारण व जबाबदार व्यक्तीच्या सहीनिशी नवे जोडणे, असा होतो.

लखोट्यापासून पडद्यापर्यंत

पूर्वी निविदा म्हणजे मोहोरबंद लखोटा असे. कार्यालयात कुलूप लावलेली निविदा पेटी असे. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी ती उपस्थितांसमक्ष उघडली जाई, लखोटे फोडून देकार मोठ्याने वाचले जात आणि निविदा नोंदवहीत त्यांची नोंद होई. या पद्धतीत गुण होते, तसे दोषही होते. पेटीपर्यंत पोहोचणे ही काही ठिकाणी शक्तिपरीक्षाच होऊन बसे. कोरे निविदा-फॉर्म कोणी नेले, हे इतर स्पर्धकांना आधीच कळत असे. नोंदवही कार्यालयाच्या कपाटात राही आणि गावच्या माणसाला ती पाहावयास मिळणे दुरापास्त असे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने ही पद्धत बदलण्याचा पाया घातला. त्याच्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास आणि कलम ५ ने संगणकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली. कलम ७ तर या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अभिलेख जतन करावयाचा असेल, तर ती माहिती पुढेही पाहण्याजोगी राहिली पाहिजे, ती मूळ स्वरूपात अथवा मूळ माहिती अचूक दाखविणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे आणि ती कोठून, कोठे, कोणत्या तारखेस व वेळेस गेली हे ओळखता आले पाहिजे, असे हे कलम सांगते. मोजमाप पुस्तिकेचाच नियम कायद्याच्या भाषेत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय खरेदी व बांधकामांसाठी ई-निविदा प्रणाली विकसित केली. ‘जेपनिक’ या नावाने ती ओळखली जाते आणि देशातील अनेक राज्यांत व केंद्रीय कार्यालयांत ती वापरात आहे. महाराष्ट्रातील ‘महाटेंडर्स’ हे संकेतस्थळ याच प्रणालीवर चालते. किती रकमेच्या पुढील कामास ई-निविदा आवश्यक आहे, ही मर्यादा शासन निर्णयांद्वारे वेळोवेळी ठरत असते. म्हणून जुन्या परिपत्रकावर विसंबून न राहता आपल्या विभागाचा चालू शासन निर्णय पाहूनच कार्यवाही करणे इष्ट होय.

एका कामाची साखळी

निविदा हा बांधकामाच्या लांबलचक साखळीतील केवळ एक भाग आहे. आधी कामाची गरज ठरते, अंदाजपत्रक तयार होते, मग प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मान्यता मिळते. त्यानंतर निविदा सूचना, देकारांची स्वीकृती, तांत्रिक लिफाफा उघडणे, पात्रतेची छाननी, आर्थिक लिफाफा उघडणे, तुलनात्मक तक्ता, स्वीकृती, करारनामा आणि कार्यारंभ आदेश, असा क्रम लागतो. पुढे प्रत्यक्ष काम, मोजमापे, देयके व काम पूर्ण झाल्याचा दाखला.

यापैकी निविदा सूचनेपासून काम देण्याच्या निर्णयापर्यंतचा भाग ई-निविदा प्रणालीत नोंदला जातो. त्याच्या आधीचा भाग धारिकेत असतो आणि नंतरचा भाग मोजमाप पुस्तिका, देयके व लेखा प्रणालीत. प्रणाली प्रत्येक निविदेला एक क्रमांक देते. त्यात वर्ष, कार्यालयाची खूण आणि अनुक्रम यांचा समावेश असतो. हा क्रमांक म्हणजे साखळीचे कडे जोडणारी खीळ आहे. तो करारनाम्यावर, कार्यारंभ आदेशावर, मोजमाप पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, प्रत्येक देयकावर आणि कामाच्या जागी लावावयाच्या फलकावर लिहिला, तर कोणत्याही टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचता येते. तो लिहिला नाही, तर एकाच कामाच्या तीन ठिकाणच्या तीन नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत.

कोणी लिहावे, कोणी तपासावे

प्रणालीत प्रत्येकाला त्याच्या जबाबदारीपुरताच प्रवेश असतो. एक कर्मचारी निविदेचा तपशील भरतो. दुसरा अधिकारी तो तपासून प्रसिद्ध करतो. निविदा उघडण्यासाठी वेगळे अधिकारी नेमलेले असतात आणि त्यांच्यापैकी किमान दोघांच्या संगणकीय स्वाक्षऱ्या लागल्याखेरीज लिफाफा उघडत नाही. निविदाकाराचा देकार सांकेतिक स्वरूपात साठविलेला असतो, त्यामुळे नेमलेल्या वेळेपूर्वी तो कार्यालयालाही वाचता येत नाही. जुन्या निविदा पेटीला दोन कुलपे असावीत व किल्ल्या दोघांकडे असाव्यात, तशीच ही योजना आहे.

ही योजना कशाने निष्फळ ठरते, हे अनुभवी अधिकाऱ्यांस सांगावयास नको. स्वाक्षरीचे छोटे उपकरण संगणक चालकाच्या खणात पडलेले असते आणि परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविलेला असतो. साहेब दौऱ्यावर असले तरी ‘साहेबांची सही’ होत राहते. कायद्याच्या दृष्टीने ती सही साहेबांचीच असते. तिचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. कोऱ्या कागदावर सही करून ती दुसऱ्याच्या हाती देणारा अधिकारी आज सापडणे कठीण; परंतु स्वाक्षरीचे उपकरण दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदांचे अख्खे दस्तेच सही करून देण्यासारखे आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. स्वाक्षरी प्रमाणपत्राला मुदत असते. निविदा उघडण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची बदली झाली, त्याचे प्रमाणपत्र संपले अथवा उपकरण हरवले, तर आलेले देकार उघडण्यात अडचण उभी राहू शकते. म्हणून बदलीचा आदेश हाती पडताच पदभाराच्या यादीत चालू निविदांचे क्रमांक व त्यांतील आपली भूमिका लिहून देणे, ही मागाहून करावयाची औपचारिकता नसून पदभाराचाच भाग समजला पाहिजे.

दुरुस्ती केव्हा व कशी

निविदेची नोंद बदलण्याचे प्रसंग मुख्यतः चार टप्प्यांत येतात.

पहिला टप्पा प्रसिद्धीपूर्वीचा. या वेळी निविदा मसुद्याच्या स्वरूपात असते व ती हवी तशी दुरुस्त करता येते. कामाचे नाव, अंदाजित रक्कम, बयाणा रक्कम, तारखा आणि बाबींची सूची यांचा मेळ तांत्रिक मान्यतेच्या कागदाशी घालण्याची हीच वेळ होय. येथे खर्च केलेला अर्धा तास पुढचे तीन महिने वाचवितो.

दुसरा टप्पा प्रसिद्धीपासून निविदा स्वीकारण्याची मुदत संपेपर्यंतचा. आता मूळ सूचनेला हात लावता येत नाही. बदल करावयाचा तर शुद्धिपत्रक काढावे लागते. मुदतवाढ असो, अटींतील बदल असो की बाबींच्या सूचीतील दुरुस्ती असो, प्रत्येक शुद्धिपत्रक मूळ सूचनेच्या खाली स्वतंत्रपणे दिसत राहते. शुद्धिपत्रकात ‘वाचावे’ एवढाच शब्द पुरेसा नाही. आधी काय होते, आता काय आहे आणि बदल का करावा लागला, हे तीन मुद्दे त्यात आलेच पाहिजेत. ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांनी कारण सांगितल्याचा केवळ भास होतो. बाबींची सूची बदलली असेल, तर आधी देकार भरलेल्यांना तो नव्या सूचीप्रमाणे पुन्हा भरावा लागतो. म्हणून शुद्धिपत्रकाबरोबर पुरेशी मुदत देणे न्यायाचे ठरते. शेवटच्या दिवशी सायंकाळी काढलेले शुद्धिपत्रक नियमात बसले, तरी न्यायात बसत नाही. मुदत मोजली जाते ती प्रणालीच्या घड्याळाने. कार्यालयाच्या भिंतीवरील घड्याळ येथे कामाचे नाही.

तिसरा टप्पा निविदा उघडल्यानंतरचा. आता अटी, परिमाणे अथवा देकार यांपैकी काहीही बदलता येत नाही. फक्त झालेल्या निर्णयाची नोंद करावयाची असते. तांत्रिक छाननीत कोण पात्र ठरले व कोण अपात्र, हे नोंदविताना अपात्रतेचे कारण निविदेतील ज्या अटीवर आधारलेले आहे, त्या अटीचा क्रमांक लिहावा. ‘कागदपत्रे अपुरी’ असे मोघम लिहिण्याऐवजी कोणते कागदपत्र नव्हते, हे लिहावे. अपात्र ठरलेल्या निविदाकारालाही आपण का बाद झालो हे समजण्याचा हक्क आहे आणि स्पष्ट कारण लिहिल्याने कार्यालयाचेच संरक्षण होते.

चौथा टप्पा शेवटाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित. काम कोणाला, किती रकमेस, कोणत्या तारखेस व किती मुदतीत दिले, ही अंतिम नोंद प्रणालीत करावयाची असते. पडद्यावर तिला ‘एओसी’ या आद्याक्षरांनी ओळखतात. कार्यारंभ आदेश हाती पडला की, कंत्राटदार जागेवर जातो, अभियंता आखणीच्या मागे लागतो, आणि ही नोंद राहून जाते. लेखाच्या आरंभी वर्णिलेला, मुले वर्गात व निविदा मूल्यमापनात, असा प्रकार बहुधा यातूनच घडतो. निविदा रद्द झाली अथवा पुन्हा मागवावयाची ठरली, तरी त्याची नोंद कारणासह झाली पाहिजे. अर्धवट सोडलेली नोंद वाचणाऱ्याला हे कळूच शकत नाही की, निर्णय व्हावयाचा राहिला आहे की केवळ लिहावयाचा राहिला आहे.

एका आकड्याची किंमत

दुरुस्ती वेळेवर का हवी, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. राज्यात बांधकामाच्या निविदा प्रामुख्याने दोन नमुन्यांत मागविल्या जातात. ‘बी-१’ नमुन्यात संपूर्ण अंदाजित रकमेवर इतके टक्के कमी अथवा जास्त, असा एकच देकार असतो. ‘बी-२’ नमुन्यात मात्र प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरावयाचा असतो.

समजा, वर्गखोल्यांच्या कामाची निविदा ‘बी-२’ नमुन्यात आहे. समजण्याच्या सोयीसाठी दोनच बाबी व सोयीचे दर घेऊ. अंदाजपत्रकात वीटकाम ४२ घनमीटर आणि काँक्रीट ४० घनमीटर आहे. संगणकावर सूची भरताना अंकांची अदलाबदल होऊन वीटकाम ४२ ऐवजी २४ लिहिले गेले. चूक अगदी किरकोळ, कोणाच्याही हातून होण्यासारखी.

पहिल्या निविदाकाराने वीटकामाचा दर ७,६०० रुपये आणि काँक्रीटचा ७,७०० रुपये भरला. दुसऱ्याने अनुक्रमे ७,२०० आणि ८,००० रुपये भरला. चुकलेल्या सूचीप्रमाणे पहिल्याचा देकार १,८२,४०० अधिक ३,०८,००० मिळून ४,९०,४०० रुपये होतो. दुसऱ्याचा १,७२,८०० अधिक ३,२०,००० मिळून ४,९२,८०० रुपये. अर्थात पहिला २,४०० रुपयांनी स्वस्त ठरतो व काम त्याला मिळते.

आता बरोबर परिमाण घेऊन पाहू. वीटकाम ४२ घनमीटर धरल्यास पहिल्याचा देकार ३,१९,२०० अधिक ३,०८,००० मिळून ६,२७,२०० रुपये, आणि दुसऱ्याचा ३,०२,४०० अधिक ३,२०,००० मिळून ६,२२,४०० रुपये होतो. म्हणजे प्रत्यक्षात दुसरा ४,८०० रुपयांनी स्वस्त होता! भिंत तर ४२ घनमीटरचीच बांधावयाची आहे. शासनाला पैसेही तेवढ्याचेच मोजावे लागणार आहेत. दोन अंकांच्या अदलाबदलीने काम चुकीच्या माणसाकडे गेले. रक्कम लहान आहे, परंतु ज्याला परिमाणातील चूक आधीच ठाऊक होती, अशा एखाद्याने ती ओळखून त्या बाबीचा दर चढा व इतर बाबींचा दर उतरता लावला, तर हीच रक्कम लाखांत जाऊ शकते.

‘बी-१’ नमुन्यात एकच टक्केवारी सर्व बाबींना लागत असल्याने निविदाकारांचा क्रम अशा चुकीने बदलत नाही. परंतु तेथेही कामाची खरी किंमत अंदाजित रकमेपेक्षा वाढते, वाढीव खर्चाला सुधारित मान्यता घ्यावी लागते आणि ती मिळेपर्यंत भिंत अर्धीच उभी राहते.

वरील चूक निविदेच्या मुदतीत ध्यानात आली असती, तर एका शुद्धिपत्रकाने ती निस्तरली असती व कोणाचेही नुकसान झाले नसते. देकार उघडल्यावर ती ध्यानात आली, तर मात्र परिमाण बदलणे म्हणजे विजेता बदलणे होय. अशा वेळी मुकाट्याने आकडा सावरून घेण्याचा मोह आवरला पाहिजे. वस्तुस्थिती लेखी स्वरूपात सक्षम प्राधिकाऱ्यासमोर ठेवणे आणि आवश्यक तर निविदा रद्द करून नव्याने मागविणे, हाच सरळ मार्ग आहे. त्यात विलंब होतो, टीकाही होते. परंतु तो विलंब नोंदीत दिसतो व त्याचे उत्तर देता येते.

नोंद वाचणाऱ्याची जबाबदारी

नोंद लिहिणाऱ्याइतकीच जबाबदारी ती वाचणाऱ्यावरही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपल्याकडील माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतः होऊन प्रसिद्ध करावी, असे अपेक्षित आहे. निविदांच्या सूचना व निर्णय हे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. त्यासाठी अर्ज लागत नाही की शुल्क लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ या कायद्याने शासकीय अभिलेखांच्या जतनाची जबाबदारीही निश्चित केली आहे. ग्रामपंचायतींच्या आराखड्यांची व खर्चाची माहिती २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीवर पाहता येते. साधने उपलब्ध आहेत; त्यांचा वापर होणे अगत्याचे आहे.

पंचायत सदस्याने आपल्या गावातील कामाचा निविदा क्रमांक मागून घ्यावा व पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात. निविदेतील कामाचे नाव व जागा ग्रामसभेने सुचविलेल्या कामाशी जुळते का? किती शुद्धिपत्रके निघाली व प्रत्येकात कारण दिले आहे का? किती देकार आले आणि किती बाद झाले? अंतिम नोंद झाली आहे का? तीत दिलेली रक्कम व मुदत कामाच्या जागेवरील फलकाशी जुळते का? तफावत आढळल्यास लगेच आरोप करू नये. प्रथम ग्रामपंचायत अधिकाऱ्यास अथवा शाखा अभियंत्यास विचारावे. पुष्कळदा ती केवळ राहून गेलेली नोंद असते आणि विचारणा झाल्यावर ती पूर्ण होते. विचारूनही उत्तर न मिळाल्यास तो प्रश्न ग्रामसभेत लेखी मांडावा.

शिक्षक बंधुभगिनींचे स्थान येथे वेगळे आहे. शाळेच्या बांधकामात मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांचा संबंध रोजचा असतो. काम केव्हा सुरू झाले, कितीदा थांबले व केव्हा संपले, हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहत नाही. कामाच्या जागेवरील तारखांची एक साधी टिपणवही शाळेने ठेवली आणि समितीच्या बैठकीत ती निविदेच्या नोंदीशी ताडून पाहिली, तर कोणत्याही चौकशीपेक्षा अधिक उपयोग होईल. शिवाय वरील हिशेबासारखे उदाहरण वरच्या वर्गातील मुलांना घालता येईल. आपल्याच वर्गाच्या भिंतीचे घनमीटर मोजताना मुले गणित शिकतील आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारावयाचा असतो, हेही शिकतील.

कार्यालयासाठी थोडी शिस्त

यासाठी वेगळा कर्मचारीवर्ग अथवा नवी यंत्रणा लागत नाही. आठवड्यातील एक दिवस ठरवून चालू निविदांची यादी संकेतस्थळावरून काढावी आणि प्रत्येक निविदेची पडद्यावरील स्थिती धारिकेतील स्थितीशी ताडून पाहावी. जेथे फरक असेल, तेथे त्याच दिवशी नोंद पूर्ण करावी. कार्यारंभ आदेशाची प्रत सहीसाठी ठेवतानाच अंतिम नोंद झाल्याचा मुद्रित कागद तिच्यासोबत जोडण्याची पद्धत पाडावी. म्हणजे एकाशिवाय दुसरे पुढे सरकणार नाही. शुद्धिपत्रकाचा मसुदा प्रसिद्ध होण्यापूर्वी तो भरणाऱ्याखेरीज दुसऱ्या एका व्यक्तीने मूळ अंदाजपत्रकाशी मोठ्याने वाचून पडताळावा. अंकांची अदलाबदल डोळ्यांना चकविते, कानाला क्वचितच चकविते.

कागदाच्या काळात कपाटातील धारिका पाहण्यासाठी माणसाला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आज तीच धारिका, निदान तिचा महत्त्वाचा भाग, गावातल्या कोणाच्याही हातातील फोनवर उघडतो. त्यामुळे नोंद लिहिणाऱ्या हाताची जबाबदारी वाढली आहे. वर्गखोलीचा पाया अभियंता जमिनीत घालतो. त्या खोलीवरच्या लोकांच्या विश्वासाचा पाया मात्र अशा नोंदींत घातला जातो. शाळेत मुले बसतील त्या दिवशी त्या कामाची अंतिम नोंदही पडद्यावर पूर्ण झालेली असावी, इतकी साधी अपेक्षा प्रत्येक कार्यालयाने स्वतःकडून ठेवावी. ती पुरी करण्यास फार तर पंधरा मिनिटे लागतात.